मसूर-गोरेगाव, व्हाया औंध

२३ जुलै

एस. वाय.ला राज्यशास्त्र घे, सोपं असतं, असं वरच्या वर्गातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. गाईड आणायचं, शेवटच्या पंधरवड्यात पाठ करायचं, 'भारतीय राज्यघटनेची वैशिष्ट्ये' हा प्रश्न हमखास येतो, तो सोडायचा नाही. शिवाय आम्ही खटाव तालुक्यातले. राजकारण आम्हाला कोणी वेगळं काय शिकवणार? आमच्या घरात निवडणुकीवाचून वर्ष जात नाही. सोसायटी, दूध संघ, ग्रामपंचायत, पंचायत समिती, कारखाना. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, एकदा उपसरपंच होते. अजूनही 'आमच्या काळात' अशी सुरुवात करतात, जणू पेशवाई सांभाळून आलेत.

मॅडम वर्गात आल्या, फळ्यावर '४ नोव्हेंबर १९४८' लिहिलं आणि विचारलं, "या दिवशी काय झालं?" कोणालाच सांगता आलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी "दिवाळी असंल" म्हणालं. मॅडम हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. त्या दिवशी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला, त्या वेळचं भाषण ग्रंथालयात आहे, खंड १३, ते वाचून या, मग बोलू, असं म्हणून हजेरी घ्यायला लागल्या.

"मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"नाही."

"मग नोट्स?"

"त्याही नाहीत."

वर्गातली निम्मी पोरं एमपीएससीचं नाव घेऊन बी.ए. करतात. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

२७ जुलै

खंड १३ ग्रंथालयात एकच, आणि तो इंग्रजी. झेरॉक्सवाल्याकडे आज आमच्या वर्गाची रांग होती. त्यानं विचारलं, "पेपर फुटला का काय?"

प्र. आणि मी एका गावच्या, एकाच एस.टी.नं येतो-जातो. ती वस्तीतली, मी गावठाणातली. शाळेत एका बाकावर बसायचो. आम्ही तोडगा काढला: तिनं मोठ्यानं वाचायचं, मी मराठीत सांगायचं, अडलं की दोघींनी भांडायचं. गाडीत उभं राहून हे करणं म्हणजे कसरत, पण कंडक्टर आता ओळखतो. "आज कुठवर आली घटना?" म्हणून विचारतो.

भाषणाचा सुरुवातीचा भाग कोरडा आहे. अध्यक्षीय पद्धत का नको, संसदीय का, केंद्र किती बळकट असावं. मग एकदम गावाचा विषय निघतो. मसुद्यात प्राचीन भारताचं काहीच नाही, खेड्यांच्या पायावर घटना उभारायला हवी होती, असा आक्षेप घेतला गेला होता. त्याला उत्तर देताना बाबासाहेब मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा दाखला देतात. राज्यं आली नि गेली, पण खेडी टिकली, असं तो म्हणतो. बाबासाहेब विचारतात, नुसतं टिकण्याला किंमत काय? कोणत्या पातळीवर टिकली, ते बघा. आणि पुढं खेड्याबद्दल इतके कडक शब्द वापरतात की प्र. वाचता वाचता थांबली. संकुचितपणा, अज्ञान, जातीयता यांचं आगर, असा त्याचा एकूण आशय. मसुद्यानं गाव सोडून माणूस हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे, असंही ते तिथंच सांगतात.

वर्गात ज्यांनी वाचलं होतं ते चपापले होते. न वाचलेल्यांना ते खरं वाटेना. एकानं विचारलं, "गावाबद्दल? बाबासाहेब असं बोललेत?" आमच्याकडे जयंतीला कमानीपासून चावडीपर्यंत फ्लेक्स लागतात. त्यांवर फोटो असतो, निळा कोट असतो, घटनेची प्रत असते. हा परिच्छेद मी कुठल्याच फ्लेक्सवर पाहिलेला नाही.

१ ऑगस्ट

मॅडमनी आज बाजू वाटल्या. ऑक्टोबरमध्ये वर्गातच संविधान सभा भरवायची. विषय, राज्यघटनेत गावाला जागा असावी की नसावी. एका बाजूला ४ नोव्हेंबरचे बाबासाहेब. दुसऱ्या बाजूला ह. वि. कामत, ज्यांनी दुसऱ्याच दिवशी उठून हा शहरी विद्वानाचा तोरा आहे असं सुनावलं, टी. प्रकाशम, आणि के. संथानम, ज्यांनी २२ नोव्हेंबर १९४८ ला ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली. तीच आजचं कलम ४०.

मी मनाशी धरलं होतं की मला कामत मिळतील. घरचं वातावरण, आप्पांचे किस्से, मी गावाच्या बाजूनं तासभर बोलले असते. मॅडमनी यादी वाचली. मला बाबासाहेब. प्र.ला गाव.

प्र. उभी राहिली. "मॅडम, गावानं आमची बाजू कधी घेतली म्हणून मी गावाची घेऊ?"

"म्हणूनच तुला दिली," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या तोंडून ऐकलं तर लोक ऐकतील. आणि तुला स्वतःला ते ऐकू येईल."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. शिक्षकांना असलं बोलायला सोपं असतं. परतीच्या गाडीत प्र. एक शब्द बोलली नाही. कंडक्टरनं घटना कुठवर आली विचारलं, तेव्हा मीच म्हटलं, "अडलीये."

७ ऑगस्ट

काही पोरं प्राचार्यांकडे निवेदन घेऊन गेली. मॅडम अभ्यासक्रम सोडून शिकवतात, नोट्स देत नाहीत, विषय वैयक्तिक करतात. चौघांनी राज्यशास्त्र सोडून इतिहास घेतला. तिथं गाईड चालतं म्हणे.

निवेदनावर मी सही केली नाही, पण तक्रार अगदीच खोटी आहे असंही मला वाटत नाही. सहा महिन्यांच्या सत्रात अख्खा अभ्यासक्रम उरकायचा, त्यात एका भाषणावर दोन आठवडे. ज्यांना बापानं 'तीन वर्षांत पोस्ट काढ, नाहीतर दुकानात बस' असं बजावलंय, त्यांचा जीव टांगणीला लागणारच. मॅडमना हे दिसत नसेल असं नाही. त्या जुमानत नाहीत, एवढंच.

१५ ऑगस्ट

गृहपाठ: आपापल्या गावची ग्रामसभा बघायची. कोण कुठं बसलं, कोण बोललं, कोणाचं बोलणं इतिवृत्तात गेलं, हे लिहायचं. मत लिहायचं नाही.

शाळेत झेंडावंदन झालं, जिलेबी झाली. मग मारुतीच्या देवळापुढं सतरंज्या अंथरल्या. सरपंच वहिनी खुर्चीत, त्यांचे यजमान खुर्चीमागं उभे. पारावर आप्पा आणि त्यांच्या वयाची मंडळी. देवळाच्या पायऱ्यांवर चार-पाच बायका, त्यात मी. वस्तीतली तिघं-चौघं विजेच्या खांबापाशी उभी. सतरंजीवर जागा होती. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही आणि उठा तर नाहीच नाही. ती आपली खांबापाशीच.

ग्रामसेवकांनी डोकी मोजली, घड्याळ बघितलं आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचं जाहीर केलं. लोक उठले. उरलेली जिलेबी वाटली गेली.

मी आप्पांना विचारलं, "एवढंच?"

आप्पा खूश झाले. विषय त्यांच्या हातखंड्याचा. "अगं, ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार लागत्यात, न्हाईतर शंभर, दोन्हींत जो आकडा कमी आसंल तो. तेवढी झेंड्याला येत्यात, सभंला कोण बसतंय? मग सभा तहकूब. आणि तहकूब सभंला गणपूर्तीची अटच न्हाई. दहा जणं जमली तरी ठराव पास."

"म्हणजे पहिली सभा भरवायची ती तहकूब करायला?"

"असं कोण म्हणतंय?" आप्पा म्हणाले, पण हसत होते.

संध्याकाळी शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन घरोघर फिरला. आईनं सही केली. माझ्या धाकट्या चुलतीचीही तिनंच केली, कारण चुलती भाकऱ्या थापत होती.

२४ ऑगस्ट

काल तहकूब सभा झाली. या खेपेला देवळापुढं नाही, ग्रामपंचायतीच्या खोलीत. मी प्र.ला घेऊन गेले, तर प्र.ची आई आधीच येऊन बसलेली, तीही खुर्चीत. त्या वस्तीच्या वॉर्डातून राखीव जागेवर मागच्या वर्षी निवडून आल्यात, म्हणजे सदस्यच आहेत. तरी त्या खुर्चीत बसलेल्या बघायची मला सवय नव्हती, आणि खोलीतल्या बऱ्याच जणांना अजून नाही.

घरकुलांची यादी वाचली गेली. सूचक कोण, अनुमोदक कोण, नावं आधीच लिहिलेली. मग प्र.ची आई उठल्या. वस्तीतल्या नळाला उन्हाळ्यापासून पाणी चढत नाही, लाइन टाकीच्या खालच्या बाजूनं जोडलीय, वरच्या बाजूनं जोडून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. सरपंचांचे यजमान म्हणाले, "विषय पत्रिकेवर नाही. आयत्या वेळच्या विषयात घेऊ." त्या बसल्या. आयत्या वेळचे विषय सुरू झाले, तोवर चहा आला. चहा झाला, आणि आभार मानले गेले.

तेव्हा त्या परत उठल्या. "आभार मागनं माना. आधी लिवा." ग्रामसेवकांनी पेन उघडलं. यजमानांकडे बघितलं. मग सरपंच वहिनी, ज्या तोपर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "लिहा की, त्यात काय?" लिहिलं गेलं. मी वाकून बघितलं. इतिवृत्तात 'वस्तीतील पाण्याबाबत चर्चा झाली' एवढंच आहे. कोणी मांडलं, काय मागितलं, काही नाही.

प्र.नं वहीत तेच वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

३० ऑगस्ट

वर्गात निरीक्षणं वाचली. बहुतेकांच्या गावात सभा तहकूब. दोघांच्या गावात सभा झालीच नाही, रजिस्टर मात्र झालं. मॅडमनी प्रत्येकाचं निरीक्षण चिरून ठेवलं. "'सरपंच बाहुली आहे' हे निरीक्षण नाही, मत आहे. तू काय पाहिलंस?" "'लोक उदासीन आहेत.' तू लोकांना विचारलंस का?" मी खांबाबद्दल लिहिलं होतं, तिथं मात्र त्या थांबल्या. खांब आणि सतरंजी यांत अंतर किती, असं विचारलं. मी म्हटलं, दहा-बारा फूट. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि पुढं गेल्या.

९ सप्टेंबर

वडूजच्या हुतात्मा स्मारकाला गेलो. १९४२ साली आजच्याच तारखेला मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. परशुराम घार्गे तिरंगा हातात असताना पडले. त्याच चळवळीतून पुढं सातारच्या गावागावांत पत्री सरकार उभं राहिलं, नाना पाटलांचं. गावात न्यायदान मंडळं बसायची, तंटे मिटवायची, सावकारांना आणि गुंडांना जरब बसवायची.

प्र.चे डोळे चमकले. "हे कामतांना द्यायला चालंल."

"चालंल. पण पत्री मारायची कुणी आणि कुणाला, हे मी विचारणार."

"विचार. तोपर्यंत मी उत्तर शोधते."

महिनाभरानं प्र.नं आपल्या बाजूबद्दल 'मी' म्हटलं.

१९ सप्टेंबर

औंध. लहानपणापासून दरसाल यमाईला येतो. डोंगरावर जायचं, नारळ फोडायचा, वाटेत संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं बघायची, खाली येऊन भेळ. या गावाची एकेकाळी स्वतःची राज्यघटना होती, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

औंध ७२ गावांचं संस्थान, तेही विस्कटलेलं: थोडं इथं, थोडं आटपाडीला, थोडं कुंडलला, थोडं पार विजापूरकडं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक. त्यांनी १९३८ मध्ये आपली सत्ता प्रजेला द्यायचं ठरवलं. त्यांचे बॅरिस्टर चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनियर, ज्यांना लोक भारतानंद म्हणत, गांधीजींकडे गेले. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधात स्वराज्य आलं. पाया गावाचा: प्रत्येक गावानं पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका सभा, तालुका सभांमधून संस्थानचं विधिमंडळ. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतींवाचून तुरुंग सुरू केला तोही याच काळात. 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याबरोबर ही घटनाही संपली.

म्हणजे बाबासाहेब ४ नोव्हेंबरला बोलत होते, तेव्हा गावाच्या पायावर उभारलेली एक खरीखुरी घटना नुकतीच इतिहासजमा झाली होती. आणि ती आमच्या तालुक्यातली होती.

प्र.नं संग्रहालयाच्या कट्ट्यावर बसून पानंच्या पानं लिहिली. मी खरं सांगायचं तर जळत होते. ही बाजू माझी असायला हवी होती! भेळेचे पैसे मी दिले, ते त्याच चिडीत. नाहीतर तीच देते.

२८ सप्टेंबर

आता मी माझं काहीतरी शोधणं भाग होतं. आज ग्रंथालयात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं. बाबासाहेबांच्या आठवणी, छोटंसं पुस्तक, इंग्रजीच, पण सोपं.

पहिलीच आठवण. १९०१ साल, बाबासाहेब साताऱ्याला शिकत होते. आदल्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ते तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले होते, तोच दिवस आता आपल्याकडे विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वडील गोरेगावला कॅशियर. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तळं खोदायला काढलं होतं. सुट्टीला मुलं वडिलांकडे निघाली. नवे कपडे, आगगाडीचा पहिला प्रवास. मसूरला उतरली, न्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी मायेनं बोलला, मग जात कळली आणि आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. डब्यात जेवण होतं, पण पाणी नव्हतं. रस्त्यात कोणी पाणी देईना, म्हणून पोरं उपाशीच राहिली. रात्री जकातनाक्यावर, आम्ही मुसलमान आहोत असं सांगूनही पाणी मिळालं नाही.

गोरेगाव. खटाव तालुका. पुस्तकात तसं लिहिलंय, तालुक्याचं नाव घेऊन.

मी परत पहिल्या पानावर गेले. मग नकाशा काढला. औंध आणि गोरेगाव एकाच तालुक्यात. एका बाजूला गाव देशाला राज्य कसं करावं ते दाखवतंय, आणि त्याच्या अडतीस वर्षं आधी, त्याच तालुक्याच्या वाटेवर नऊ-दहा वर्षांच्या पोराला गाव तांब्याभर पाणी देत नाही.

रात्री जेवताना मी हे आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील 'लई जुनी गोष्ट झाली.' ते म्हणाले, "मसूरची वाट म्हंजी आपल्याच पै-पाहुण्यांची वाट." थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या आज्याची पण बैलगाडी हुती." आईनं त्यांना आणखी भात वाढला. पुढं कोणी काही बोललं नाही.

११ ऑक्टोबर

काल सभा झाली. बाकं घोड्याच्या नालासारखी मांडली होती. मॅडम अध्यक्ष, म्हणजे राजेंद्रबाबू.

मी बोलले. मेटकाफ, खांब आणि सतरंजी, तहकुबीची युक्ती, मसूरची गाडी. गावात माणूस आधी आडनावाचा, गल्लीचा, वाड्याचा असतो. कायद्यापुढं तो एकटा आणि सगळ्यांच्या बरोबरीचा उभा राहायचा असेल तर घटनेनं घटक माणूसच धरला पाहिजे. 'आयत्या वेळचा विषय' हे वाक्य मी म्हणताच वर्ग हसला, कारण सगळ्यांच्याच गावात तसं होतं.

मग प्र. उठली. औंध सांगितलं, पत्री सरकार सांगितलं, ठीक होतं. नंतर तिनं कागद बाजूला ठेवला.

"१९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतींचं बिल आलं. बाबासाहेबांनी विरोध केला. का? आमच्या लोकांना राखीव जागा नव्हत्या म्हणून. गावातल्या बहुमताच्या हाती आमचा न्याय देणार का, असं त्यांनी विचारलं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये लागू झाली, तिच्यात ती राखीव जागा आहे. ग्रामसभाही आहे. त्या जागेवर माझी आई बसली. तिच्या नावानं इतिवृत्तात ओळ आली नाही, पण ती उठली तेव्हा सभेला थांबावं लागलं. दिल्लीच्या सभेत ती कधी उठली असती? मुंबईच्या? गाव वाईट आहे म्हणून घटनेतून काढलं तर माझी आई उठणार कुठं? बाबासाहेबांनी संथानमची दुरुस्ती मान्य केली. फार बोलले नाहीत, पण मान्य केली. मी त्यांच्या होकाराच्या बाजूनं बोलतेय."

मला उत्तराची पाळी होती. मी म्हटलं, राखीव जागा आली ती दिल्लीतून, कायद्यानं, गावानं आपणहून दिली नाही. म्हणजे माझीच बाजू खरी. टाळ्या पडल्या. प्र.नं मान हलवली, पण ती हरल्याची नव्हती.

१४ ऑक्टोबर

गुणांची पद्धत आज कळली. भाषणाला गुणच नाहीत! प्रत्येकानं समोरच्याची बाजू एका पानात लिहायची, इतकी नीट की समोरच्यानं वाचून 'हो, मला हेच म्हणायचं होतं' अशी सही करावी. सही नाही तर गुण नाहीत. वर्गात एकच गोंधळ. मागच्या बाकावरचा म्हणाला, "मॅडम, पाच रुपये घेऊन सही देणार का, असं विचारतोय हा."

मी प्र.चं पान लिहून गाडीत तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, परत दिलं. "न्हाई देत सही."

"का? सगळं आहे की. तुझी आई, नळ, अन्याय, सगळं."

"ही माझी बाजू न्हाई. ही माझी कीव हाय." तिनं पेन काढून तीन वाक्यं खोडली. 'शतकानुशतके पिचलेल्या', 'मूक वेदना', 'उपेक्षित वस्ती'. "मी म्हटलं, आईला तिथंच उठायचंय. तू लिहिलंयस, तिला तिथं त्रास होतो. दोन्ही खरं हाय. पण माझा मुद्दा पैला."

मग तिनं स्वतःचं पान दिलं. माझी बाजू तिनं चार मुद्द्यांत लिहिली होती. चौथा असा: 'राखीव जागा गावानं दिली नाही, कायद्यानं दिली, म्हणून गावाला माणसासारखं वागायला लावणारी सत्ता गावाबाहेरच हवी.' मी हे इतकं नेटकं म्हटलं नव्हतं. मी सही केली. ती म्हणाली, "घाई नको करू, वाच परत." मी परत वाचलं आणि तीच सही ठेवली.

माझं पान रात्री पुन्हा लिहिलं, सकाळी स्टँडवर पुन्हा. तिनं गाडी सुटता सुटता, खिडकीच्या गजाला पाठ टेकून सही दिली. अक्षर वाकडं आलंय.

१७ ऑक्टोबर

मॅडमनी तारीख साधून नवा विषय दिला. १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावानं करावी, अशी दुरुस्ती आली. कामतांचीच, तेच गाववाले कामत. कोणी म्हणालं, देव कशाला, देवी का नको? कोणी गांधीजींचं नाव घाला म्हणालं. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत ऐकेनात. मतदान झालं. बाजूनं ४१, विरोधात ६८.

यादी वाचली. या वेळी मला कामत, प्र.ला विरोध. मागच्या बाकावरच्याला गांधीजींवाले शिब्बनलाल सक्सेना मिळाले, तो अजून उच्चार करायला शिकतोय. इतिहासात गेलेल्या चौघांपैकी एक परत आलाय, म्हणतो तिथं फार झोप येते.

घरी आल्यावर आजीला सांगितलं की देशाच्या सभेत देवावर मतदान झालं आणि देव हरला. आजी जपमाळ खाली ठेवून म्हणाली, "अडुसष्ट जनं नास्तिक?"

"नाही गं. त्यातले पुष्कळ देव मानणारे. त्यांचं म्हणणं, मानायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, घटनेनं सगळ्यांच्या वतीनं ठरवू नये."

"आनि तू कुनाच्या बाजूनं?"

"एक्केचाळीसच्या."

आजीला आनंद झाला. मग तिनं विचारलं, ती वस्तीतली पोरगी अडुसष्टच्या बाजूनं हाय का, आणि असंल तर तिला रविवारी घरी बोलाव, मला तिच्यासंगं बोलायचंय.